‘कासियास’ छापाचे कीपर ग्लोव्हज: तळवा चांगला, बोटपट्ट्या काढून टाका

इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास खेळसामानाच्या दुकानांत चौदाशे-साडेचौदाशे रुपयांना मिळणारी ही फुटबॉलच्या गोलकीपरची जोडी. मनगटाच्या पट्ट्यावर ठळक ‘कासियास’ आणि खाली १ आकडा. दुकानदार ‘भिया, ओरिजिनल है’ म्हणेल. म्हणू द्या. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, आणि या किमतीत कासियासच्या, म्हणजे स्पेनच्या विश्वविजेत्या कप्तान-गोलकीपरच्या, नावाचा परवाना कोणी घेत नाही. ते नाव बाजूला ठेवून माल पाहिला, तर मात्र पैसे अगदीच पाण्यात गेले असं म्हणता येत नाही. शाळा-कॉलेजच्या कीपरला सरावासाठी जोडी चालेल. सामन्यासाठी चालेल की नाही, हे मैदान कसं आहे आणि जोडी धुणार कोण, यावर ठरेल.

आधी तळवा. लॅटेक्स फोम साधारण ३ मिलिमीटर आणि खाली अस्तराचा पातळ थर. बऱ्या दर्जाच्या सामन्याच्या ग्लोव्हजमध्ये नुसता लॅटेक्सच ४ मिलिमीटर असतो. कट फ्लॅट आहे: तळव्याचा एकच सपाट तुकडा, शिवण बोटांच्या बाहेरच्या बाजूला. त्यामुळे आत जागा भरपूर आणि चेंडूला लागणारा पृष्ठभाग मोठा, पण बोटं सडपातळ असतील तर ग्लोव्ह हातात फिरतो. अशा हाताला निगेटिव्ह कट बरा, त्यात शिवण आत असते आणि बोट गच्च बसतं. या छापात तो कट येत नाही.

मापात बहुतेक जण चुकतात. अंगठा सोडून बोटांच्या मुळाशी, गाठींवरून टेप फिरवा. जे इंच येतील ते वरच्या पूर्ण आकड्यावर न्या आणि त्यात एक मिळवा. साडेसात इंच आले तर आठ, म्हणजे नऊ नंबर. घातल्यावर मधल्या बोटाच्या टोकापुढे अर्धा ते एक सेंटीमीटर जागा उरायला हवी. या जोडीचे आकडे मात्र लहान पडतात, नऊ नंबर आठसारखा बसतो. म्हणून दुकानात दोन्ही हात घालून, मुठी आवळून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

नवा लॅटेक्स कोरडा वापरला तर चेंडू हातातून निसटतो, आणि गिऱ्हाईक समजतं की माल खोटा आहे. कारखान्यातून येताना त्यावर जो थर असतो तो आधी जायला हवा. कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवा, तळवे हलके दाबा, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा करा, मग सावलीत वाळवा. मैदानात उतरण्याआधी तळव्यावर थोडं पाणी मारून झटकून टाका. ओलसर लॅटेक्स पकडतो, कोरडा घसरतो आणि लवकर झिजतो. एवढं केल्यावर या जोडीची पकड किमतीच्या मानाने खरोखर चांगली आहे. छातीच्या उंचीचा जोरदार फटका हातात राहतो, उडून पुढे पडत नाही.

कीपरच्या कामात हे फार मोठं आहे. २०१० च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत पॅराग्वेच्या कार्दोसोची पेनल्टी कासियासने नुसती अडवली नाही, धरून ठेवली. चेंडू परत आला असता तर समोर धावणाऱ्याला गोल करायला फक्त पाय लावायचा होता. स्कोर तेव्हा ०-० होता आणि स्पेनने तो सामना १-० ने जिंकला.

आता या ग्लोव्हजचा सर्वांत वाईट भाग, बोटपट्ट्या, म्हणजे बोटांच्या मागे आत घातलेल्या आधाराच्या पट्ट्या. पाकिटावर ‘फिंगर सेव्ह’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. चांगल्या पट्टीत छोटे छोटे सांधे असतात. ती मुठीकडे सहज वळते, मागे मात्र अडते, म्हणजे चेंडूच्या धक्क्याने बोट उलटं जात नाही. इथे प्लास्टिकची एकसंध पट्टी घातलीय आणि ती दोन्ही बाजूंना सारखीच अडते. परिणाम असा की चेंडूभोवती हात नीट मिटतच नाही, आणि जे चेंडू धरायचे ते थापटून बाहेर जातात. शिवाय पट्टीचं टोक खिशाच्या शिवणीतून वर येतं आणि नखाखाली टोचतं. बोटांच्या मागच्या बाजूला आत छोटी चीर आहे, तिथून चारही पट्ट्या ओढून काढा. ग्लोव्ह लगेच दुप्पट कामाचा वाटायला लागतो. बोट आधीच दुखावलेलं असेल तर पट्टी ठेवण्यापेक्षा शेजारच्या बोटाला टेपने बांधणं बरं.

आणि पट्टी असली की हात सुरक्षित, हा समज काढून टाका. २३ जानेवारी २०१३ ला वॅलेन्सियाच्या मैदानावर कोपा देल रे या स्पेनमधल्या चषक स्पर्धेच्या सामन्यात गोलसमोरच्या गर्दीत आर्बेलोआचा, म्हणजे त्याच्याच संघातल्या बचावपटूचा, पाय कासियासच्या डाव्या हातावर बसला आणि अंगठ्याच्या मुळाचं हाड मोडलं. बाजूने किंवा वरून बसणाऱ्या बुटापुढे कुठल्याही कंपनीची पट्टी काही करू शकत नाही. त्या एका लाथेने कारकीर्दीची दिशा बदलली: त्याच्या क्लबने, रेआल माद्रिदने, लगेच दिएगो लोपेस या कीपरला आणलं, आणि हात बरा झाल्यावरही स्पॅनिश लीगमधली जागा कासियासला लगेच परत मिळाली नाही. पुढच्या मोसमात तो चॅम्पियन्स लीग आणि कोपामध्ये खेळायचा, लीगमध्ये लोपेस. गर्दीत खाली पडलेल्या चेंडूवर झेपावताना अंगठे बाहेर पसरून ठेवू नका, चेंडूच्या मागे घ्या. हे ग्लोव्हज शिकवणार नाहीत.

हाताच्या पाठीवर मुठीने चेंडू मारण्यासाठी रबराचे उंचवटे दिलेत. दिसायला झकास, पण रबर टणक आणि गुळगुळीत आहे. ओल्या चेंडूवर मूठ सरकते आणि चेंडू दूर जाण्याऐवजी डोक्यावरून मागे जातो. कॉर्नरला भरपूर बाहेर येणाऱ्या कीपरने ही जोडी घेऊ नये. गंमत म्हणजे, ज्याचं नाव छापलंय त्याचाही हा भाग कच्चाच होता. सहा फुटांच्या आसपास उंची, म्हणजे कीपरच्या मानाने कमी, आणि बाजूने गोलसमोर येणाऱ्या उंच क्रॉसवर त्याचा अंदाज चुकायचा. २०१४ च्या चॅम्पियन्स लीगच्या लिस्बनमधल्या अंतिम सामन्यात तो रेषेवरून पुढे आला, मधेच अडकला आणि प्रतिस्पर्धी गोदिनचं हेडर त्याच्यावरून आत गेलं. त्याच्याच संघातल्या रामोसने ९३ व्या मिनिटाला बरोबरी केली नसती तर त्या चषकाची गोष्टच निराळी झाली असती. त्याचं खरं बळ गोलरेषेवर आणि एकास एक प्रसंगात. २०१० च्या विश्वचषकाच्या जोहान्सबर्गमधल्या अंतिम सामन्यात ६२ व्या मिनिटाला नेदरलँड्सचा रॉबेन एकटा समोर आला तेव्हा चेंडू त्याने बुटाने अडवला, ग्लोव्हजने नव्हे.

इंदूरची मैदानं या लॅटेक्सची वाट लावतात, हे आधीच धरून चाला. उन्हाळ्यात माळव्याची काळी माती भेगाळून दगडासारखी होते, वर मुरूम आणि खडी. झिजायला सुरुवात तळव्याच्या टाचेपासून होते, कारण उठताना पोरं तळहात टेकून उठतात. मुठीवर किंवा कोपराखालच्या हातावर भार देऊन उठा, जोडी खूप जास्त टिकेल. खाली झेप घेताना आधी चेंडू जमिनीला लागू द्या, मग हात, मग कूस. नुसत्या तळव्यांवर आपटलात तर मनगटही जाईल आणि फोमही. शाळांमध्ये मिळणारे खरखरीत रबरी चेंडू सँडपेपरचं काम करतात, त्यांच्यासाठी जुनी जोडी वेगळी ठेवा.

पावसाळ्यात तीच माती चिकट होऊन फोमच्या छिद्रांत बसते. वाळायच्या आत धुवा, नाहीतर खरवडावी लागते आणि मातीबरोबर लॅटेक्सही निघतो. कोमट पाणी, साबण लावायचाच तर लहान मुलांच्या शाम्पूचे दोन थेंब. ब्रश नाही, वॉशिंग मशीन नाही, पिळणं तर अजिबात नाही. बोटांच्या टोकांकडून मनगटाकडे दाबत पाणी काढा आणि पंख्याखाली, सावलीत टांगा. गच्चीत उन्हात टाकलेले ग्लोव्हज मे महिन्यात एका दुपारीत पापडासारखे होतात, पुढच्या सरावात बोटांच्या मुळाशी चिरतात. स्कूटीच्या डिक्कीतही तेच. दोन तळवे एकमेकांना चिकटवून ठेवू नका. ओढून सोडवताना लॅटेक्सचे तुकडे निघतात, मध्ये प्लास्टिकचा तुकडा घाला. मनगटाच्या वेल्क्रोत धागे आणि गवत अडकून पकड जाते, तिथे मात्र जुना टूथब्रश चालतो. या जोडीत वेल्क्रो तसाही अरुंद आहे आणि सगळ्यात आधी तोच दगा देतो. शिंप्याकडून रुंद पट्टी बसवून घेतली की प्रश्न मिटतो.

आठवड्याला दोन-तीन सराव करणाऱ्याला, पट्ट्या काढून आणि वेल्क्रो बदलून, ही जोडी घ्यायला हरकत नाही. स्पर्धा खेळणाऱ्याने थोडे जास्त पैसे घालून ४ मिलिमीटरची जोडी सामन्यासाठी ठेवावी आणि ही सरावाला वापरावी. बारा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नका, लहान मापातही पट्टी तेवढीच टणक आहे. आणि घेताना पक्कं बिल मागा. बहुतेक दुकानदार माप बदलून देतात, पण एकदा पाण्यात घातलेली किंवा पट्ट्या काढलेली जोडी परत घेत नाहीत, त्यामुळे धुण्याआधी घरी पुन्हा एकदा घालून बघा.