लिंगवर्गीकृत रेतमात्रा: डिचोलीतील गोठ्यात २२ महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यात डिचोलीतील माझ्या गोठ्यात गेल्या २२ महिन्यांत लिंगवर्गीकृत रेताच्या, म्हणजे पाडीच व्हावी म्हणून मादी शुक्राणू वेगळे काढलेल्या ‘मादी रेता’च्या, १५ कांड्या (एका मात्रेच्या गोठवलेल्या नळ्या) वापरून झाल्या. त्यांतून सात जनावरे गाभण राहिली. सहा व्याली, पाच पाड्या (मादी वासरे) आणि एक पाडा (नर वासरू) जन्मला, आणि सातवी गाय आता व्यायला टेकली आहे. कांडी महाग का, ती लागू किती पडते आणि पाडीच होईल याची खात्री किती, हे प्रश्न सकाळी दूध संस्थेच्या रांगेत मला इतक्या वेळा विचारले गेले की, सगळा हिशेब एकदा सविस्तर लिहून काढावा असे वाटले.

२०१२ साली गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, तेव्हा त्यांवर चालणारा घरचा ट्रक विकून बाबांनी दोन जर्सी संकरित गायी आणल्या. रेतमात्रेचा हा प्रयोग सुरू केला तेव्हा गोठ्यात पाच संकरित गायी, चार कालवडी आणि आजोबांच्या वेळच्या गुरांपैकी उरलेली एक पांढरी गावठी गाय होती. त्याआधीच्या तीन वर्षांत जन्मलेल्या नऊ वासरांपैकी सहा पाडे निघाले होते. जर्सी संकरित पाड्याला वशिंड जवळजवळ नसते, त्यामुळे जू मानेवर ठरत नाही. उन्हात तो लवकर धापा टाकतो. आणि आमच्या भागातील शेते आता पॉवर टिलरने नांगरली जातात. परदेशांत यावर वेगळा तोडगा आहे. तेथे गोठ्यातील उत्तम गायींना मादी रेत आणि उरलेल्यांना अँगस किंवा बेल्जियन ब्लू अशा मांसल जातींचे रेत देतात, म्हणजे दुधाला न लागणाऱ्या वासरालाही मांसाच्या बाजारात भाव मिळतो. गोव्यात गोहत्या प्रतिबंधक कायदा १९७८ पासून आहे, त्यामुळे ती वाट आमच्यासाठी नाही. पावसाळ्याच्या रात्री कोरडी जागा म्हणून डांबरी रस्त्यावर येऊन बसणारी गुरे आपण सगळे पाहतो. आपल्या गोठ्यातील पाडा त्यांत जाऊन बसू नये, ही माझी या प्रयोगामागची पहिली इच्छा होती. दुधाचा विचार त्यानंतरचा.

ही मात्रा तयार कशी होते ते समजून घेतल्याशिवाय तिचा वापर नीट होत नाही, असे माझे मत झाले आहे. वळूच्या मादी शुक्राणूत (ज्यापासून पाडी होते त्यात) नर शुक्राणूपेक्षा सुमारे ४ टक्के अधिक डीएनए असतो. डीएनएला चिकटणारा रंग लावून शुक्राणू एकेक करून लेसरच्या प्रकाशातून सोडले की मादी शुक्राणू किंचित अधिक चमकतो, आणि त्या फरकावर थेंबांना विद्युत भार देऊन ते वेगळे केले जातात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात लॉरेन्स जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत सिद्ध केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीम येथे देशी बनावटीचे तंत्रज्ञान पंतप्रधानांच्या हस्ते सादर झाले, तेव्हा मात्रेमागे सुमारे २०० रुपयांची बचत होईल असे सांगण्यात आले होते. मात्र रंग, लेसर आणि दाबाखालून जाण्याच्या या प्रवासात शुक्राणू थकतात. साध्या कांडीत सुमारे दोन कोटी शुक्राणू असतात, तर वर्गीकृत कांडीत बहुधा २० ते ४० लाखच असतात, आणि गर्भाशयात ते कमी वेळ टिकतात. कांडीबरोबर सांगितले जाणारे ९० टक्के हे जन्मणारे वासरू पाडी असण्याविषयी आहेत, गाय गाभण राहण्याविषयी नाहीत. हा भेद मला सुरुवातीला कोणी सांगितला नव्हता, आणि पहिल्या दोन गायी उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या, तेव्हा मी विनाकारण कांडीला दोष दिला.

चार कालवडींना सहा मात्रा लागल्या आणि चारही गाभण राहिल्या. पाच गायींना नऊ मात्रा दिल्या आणि तीनच राहिल्या. उरलेल्या दोघींना दोन-दोन वेळा उलटल्यावर साधी मात्रा दिली. आठ फसलेल्या मात्रांपैकी पाच एप्रिल ते जून या काळातील आहेत. आमच्या हवेत तापमानापेक्षाही दमटपणा गायींना अधिक छळतो. त्या दिवसांत गाय चारा कमी खाते, माज (गाय फळण्यास तयार असण्याचा काळ) मुका राहतो, म्हणजे त्याच्या खुणा दिसत नाहीत, आणि भरवलेली, म्हणजे रेत दिलेली, गायही पुष्कळदा गाभण टिकत नाही. आता मार्च संपला की ही मात्रा मी वापरतच नाही, आणि दसऱ्यापासून माघापर्यंतचे दिवस तिच्यासाठी राखून ठेवतो.

वेळेची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. साध्या मात्रेसाठी सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी भरवायचे, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. वर्गीकृत शुक्राणूंचे आयुष्य थोडे असल्याने त्यांना बीजांड सुटण्याच्या अधिक जवळ न्यावे लागते; म्हणून माज सुरू झाल्यापासून १६ ते २४ तासांच्या आत, उत्तरार्धाकडे झुकून, भरवणे मला लाभले आहे. त्यासाठी माज नेमका केव्हा सुरू झाला हे माहीत हवे, आणि उष्ण हवेत तो बहुधा रात्रीच सुरू होतो. मी रात्री दहा वाजता आणि पहाटे साडेचार वाजता विजेरी घेऊन गोठ्यात जाऊ लागलो. नोव्हेंबरच्या अशाच एका पहाटे तपकिरी कालवड दावे ताणून उभी होती. शेजारच्या गायीने पाठीवर हनुवटी टेकली तरी ती हलेना, आणि शेपटीखालून काचेसारखा स्वच्छ, तुटत नाही असा बळस (माजाचा चिकट स्राव) लोंबत होता. रात्री दहा वाजता यांतले काहीच नव्हते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर वेळ लिहून त्या रात्री साडेनऊला तिला भरवले, आणि ती पहिल्याच मात्रेत राहिली. हे जागरण ज्याला जमत नाही त्याने महागडी कांडी घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

कांडी वितळवण्याबाबत माझी एक तक्रार आहे. सुरुवातीच्या एका खेपेला भरवायला आलेल्या माणसाने द्रव नायट्रोजनमधून, म्हणजे उणे १९६ अंशांवरून काढलेली कांडी तळहातांत चोळून वितळवली. साध्या मात्रेत दोन कोटींतले काही मेले तरी काम भागते. येथे मुळातच थोडे असतात. ती गाय उलटली. माज चुकला की २१ दिवस जातात, आणि भाकड गायीच्या खाण्यावर रोज १८० रुपये धरले तर ३,७८० रुपये केवळ वाट पाहण्यात जातात. तेव्हापासून गोठ्यात मी थर्मामीटर आणि थर्मासची बाटली ठेवली आहे. ३७ अंशांचे पाणी, त्यात कांडी अर्धा मिनिट, नंतर ती कोरड्या कापडाने पुसून लगेच वापरायची, एवढे मी स्वतः उभा राहून करून घेतो. आता येणारा तरुण पशुधन सहाय्यक यावर रागावत नाही, उलट नायट्रोजनची पातळीही दाखवतो.

पाडी झाली म्हणजे दूध झाले असे मात्र नाही, आणि येथेच आपल्या लोकांची सर्वांत मोठी चूक होते असे मला वाटते. मादी रेत म्हटले की वळू कोणता हे कोणी विचारत नाही. कांडीवर वळूचा क्रमांक आणि जात छापलेली असते. तो क्रमांक मी गायीच्या कानातील १२ अंकी बिल्ल्यासमोर वहीत लिहितो, नाहीतर पुढे लेकीला बापाचेच रेत देण्याची वेळ येईल. दुसरे म्हणजे विदेशी रक्ताचे प्रमाण. किनारी हवेसाठी जर्सी बरी, आणि विदेशी अंश निम्म्याच्या आसपास ठेवावा, हा जुना सल्ला मी आता मानतो. जास्त दुधाच्या मोहाने एका गायीला होल्स्टिन या विदेशी जातीची मात्रा दिली होती. तिची पाडी उंच आणि देखणी आहे, पण दुपारी बाराच्या उन्हात पंख्याखालीही ती तोंड उघडून श्वास घेते. कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) बांधावरचे नेपियर गवत आणि विकतची पेंड यांवर एवढे मोठे जनावर पोसणे आम्हाला कठीण आहे. पुढच्या १० मात्रांत एकही होल्स्टिनची असणार नाही.

कालवडींना ही मात्रा देण्याचा आणखी एक लाभ झाला. पाडी सहसा पाड्यापेक्षा वजनाने हलकी असते, त्यामुळे पहिलटकरणीचे विणे सोपे जाते. चारही कालवडी हात न लावता व्याल्या. तपकिरी कालवड ऑगस्टमधील पावसाच्या रात्री व्याली. वासराच्या नाकातला चिकटा काढून मी त्याला पेंढ्यावर ठेवले आणि मागचे पाय बाजूला करून पाहिले, तेव्हा दाराशी कंदील धरून उभ्या असलेल्या आईने विचारले, ‘‘पाडी ना रे?’’ पाडीच होती. तासाभरात तिने चीक प्यायला सुरुवात केली.

पांढऱ्या गावठी गायीला मात्र मी जर्सीचे रेत दिलेले नाही, मग ते मादी असो वा साधे. मुस्कटापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी असलेली ही गोव्याची गाय ‘श्वेता कपिला’ या नावाने देशी जातींच्या राष्ट्रीय नोंदीत आली आहे. ती दिवसाला अडीच-तीन लिटरच दूध देते, परंतु पेंढा आणि रानचारा यांवर जगते, गोचिडांना फारशी दाद देत नाही, आणि १० वर्षांत तिच्यासाठी डॉक्टरांना दोनदाच बोलवावे लागले. तिच्याच जातीची मादी मात्रा मिळू लागली, तर जर्सीच्या कांडीपेक्षा जास्त पैसे मोजून मी ती घेईन. पाडी हवी ही गरज श्वेता कपिलेला आमच्या संकरित गायींपेक्षा कितीतरी अधिक आहे, कारण शुद्ध गायीच थोड्या उरल्या आहेत.

दुधातील फायदा अजून हाती आलेला नाही. सर्वांत मोठी पाडी एक वर्षाची झाली आहे; ती माजावर येऊन, गाभण राहून, संस्थेच्या कॅनमध्ये तिचे दूध पडेपर्यंत आणखी दीड वर्ष तरी जाईल, आणि तोवर पाचही पाड्यांचे खाणे खिशातूनच चालेल. ज्याच्याकडे हिरव्या चाऱ्याची जागा नाही त्याने पाचऐवजी दोनच पाड्यांचा विचार करावा, आणि आपल्या उत्तम दोन जनावरांपुरतीच ही मात्रा घ्यावी. मी स्वतः आता सगळ्या कालवडींना आणि दोन चांगल्या गायींना ती देणार आहे; वारंवार उलटणाऱ्या गायींना साधीच.

मोठ्या पाडीच्या छातीचा घेर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फितीने मोजून वहीत लिहितो. तिच्या पानावर बापाचा क्रमांक लाल शाईने लिहिला आहे, आणि तिच्यासाठी येणारी कांडी उघडण्याआधी तो ताडून पाहायचा आहे.