‘धोका कमी’ असा शेरा मिळालेली ऑर्डर आणि गेलेल्या सहा कोसा साड्या

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावात विणल्या जाणाऱ्या करवती काठाच्या कोसा (टसर रेशमी) साड्या मी चार वर्षांपासून स्वतःच्या संकेतस्थळावरून विकतो. गेल्या दिवाळीच्या आधी सहा साड्या आणि त्यांचे ६९,००० रुपये, असे दोन्ही माझ्या हातून गेले. परदेशी कार्डाने पैसे स्वीकारणाऱ्या लहान विक्रेत्यांनी हा अनुभव कृपया शेवटपर्यंत वाचावा.

ऑर्डर अमेरिकेतून आली होती आणि पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ग्राहकाच्या कार्डावरचे पैसे विक्रेत्यापर्यंत पोहोचवणाऱ्या ऑनलाइन सेवेच्या, तपासणीने तिच्यावर ‘धोका कमी’ असा हिरवा शेरा दिला होता. त्याच आठवड्यात याच तपासणीने लंडनला राहणाऱ्या, मूळच्या नागपूरच्या आमच्या जुन्या ग्राहक ताईंचे पेमेंट संशयास्पद म्हणून अडवले होते. जी यंत्रणा ओळखीच्या माणसालाही सोडत नाही ती अनोळखी माणसाला कसून तपासत असणार, असा अर्थ मी त्यातून काढला आणि तिथेच चुकलो.

खरे तर खुणा समोर होत्या. पेमेंट होण्याआधीच्या वीस मिनिटांत त्याच ईमेलवरून तीन निरनिराळ्या कार्डांचे प्रयत्न फसल्याची नोंद मला दिसत होती, पण नेटची अडचण असेल म्हणून मी ती सोडून दिली. कार्डाचा पत्ता एका राज्यातला होता आणि साड्या दुसऱ्या राज्यातल्या एका गोदामात मागवल्या होत्या. शिवाय कोसा घेणारे गिऱ्हाईक रंगाचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून मागते, काठाची रुंदी विचारते, ब्लाउजपीस आहे का ते विचारते. या गिऱ्हाइकाने सहा साड्यांबद्दल एकही प्रश्न केला नाही, फक्त लवकर पाठवा एवढेच लिहिले.

भारतीय कार्डांच्या ऑनलाइन खरेदीसाठी रिझर्व्ह बँकेने २००९ पासून दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सक्तीची केल्यामुळे पैसे आले म्हणजे ओटीपी झालाच असणार, असे आपण गृहीत धरतो. परदेशी बँकेच्या कार्डावर मात्र ओटीपीशिवायही व्यवहार होऊ शकतो. अशी पडताळणी झालेला व्यवहार कार्डधारकाने पुढे नाकारला, तर तोटा साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो; ती झालेली नसेल, तर तो विक्रेत्याच्या माथी येतो. हा फरक मला माल गेल्यावर कळला.

त्रेपन्नाव्या दिवशी चार्जबॅकची, म्हणजे कार्डधारकाच्या तक्रारीवरून बँक पैसे परत घेत असल्याची, सूचना आली आणि इतर ग्राहकांचे जे पैसे गेटवेकडून मला यायचे होते त्यांतून ती सगळी रक्कम शुल्कासह कापली गेली. उत्तरासाठी सात दिवस होते. मी टपालाची पावती, पार्सलचा माग आणि माल मिळाल्याची सही पाठवली, परंतु तक्रार माल न मिळाल्याची नव्हतीच. कार्डधारकाने आपण ही खरेदी केलीच नाही असे सांगितले होते, त्यामुळे माझ्या कागदांनी फक्त माल कोणाच्या तरी हाती पोहोचला एवढेच सिद्ध झाले. माझा दावा फेटाळला गेला. त्या कार्डधारकाला मी दोष देत नाही, त्याचेही कार्ड चोरीलाच गेले होते. गेटवेने मात्र हिरवा शेरा हा केवळ सल्ला असल्याचे करारातले कलम दाखवले.

विणकरांची मजुरी मी आधीच दिली होती, ते योग्यच झाले. पण पुढच्या धाग्याला पैसे उरले नाहीत आणि दोन माग महिनाभर बंद राहिले. एक वयस्कर विणकर दर बाजाराच्या दिवशी येऊन ‘धागा आला का जी?’ असे विचारत, तेव्हा मला उत्तर सुचत नसे. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, पोच मिळाली, साड्या मिळाल्या नाहीत.

आता पडताळणीशिवाय येणारी परदेशी कार्डे मी गेटवेला सांगून बंद केली आहेत. त्यामुळे काही खरे ग्राहकही परत जातात, ते मी सोसतो. मोठ्या ऑर्डरचा माल दोन दिवस थांबवून आधी फोनवर बोलतो. संशय आला तर माल न पाठवता पैसे ज्या कार्डावरून आले त्याच कार्डावर परत करतो. समोरचा ‘दुसऱ्या खात्यात पाठवा’ म्हणाला तर अजिबात पाठवू नये, कारण मूळ कार्डाचा मालक नंतर चार्जबॅक करतो आणि तेच पैसे आपल्याला दुसऱ्यांदा भरावे लागतात.