‘तत्रैव’ची चूक आणि झोटेरो: गोव्यातल्या मराठी प्रबंधासाठी दोन वर्षं वापरून

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक चूक होती. सरांच्या नजरेला ती पडली नसती तर तशीच छापून गेली असती. विषय आहे १९६३ ते १९६७ या काळातले गोव्यातल्या मराठी दैनिकांचे अग्रलेख. म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही हा वाद, त्यावरचा जनमत कौल, आणि त्यात ‘गोमन्तक’ एका बाजूला तर ‘राष्ट्रमत’ दुसऱ्या. तळटिपा मी हाताने घालत होते. एकदा पूर्ण संदर्भ द्यायचा, मग खाली ‘तत्रैव’ (म्हणजे लगेच वरच्या टिपेतलाच संदर्भ), ‘तत्रैव, पृ. ४’, ‘उनि.’ (आधी येऊन गेलेला संदर्भ), एम.ए.ला शिकवलं होतं तसं. सरांनी दोन परिच्छेद वर घ्यायला सांगितले. मी घेतले, आणि एक ‘तत्रैव’ भलत्याच टिपेखाली जाऊन बसलं. विलीनीकरणाच्या विरोधातलं ‘राष्ट्रमत’चं वाक्य ‘गोमन्तक’च्या नावावर जमा झालं.

गोव्याबाहेरच्या वाचकाला हे किरकोळ वाटेल. पण १६ जानेवारी १९६७ चा तो कौल ३४,०२१ मतांच्या फरकाने लागला होता, आणि कोण काय म्हणालं यावर आमच्या डिचोलीत आजही जेवणाच्या पंगतीत आवाज चढतात. सर एवढंच म्हणाले, “बाई, हे वाक्य त्यांचं कसं असेल?” त्या रात्री बसून सत्तर पानं तपासली. नऊ ठिकाणी ‘तत्रैव’ घसरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी झोटेरो उतरवून घेतलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. झोटेरो म्हणजे संदर्भ साठवायचं आणि ते लिखाणात घालायचं मोफत सॉफ्टवेअर. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रात ते तयार झालं, २००६ मध्ये लोकांसमोर आलं. सुरुवातीला फायरफॉक्सला जोडायचं एक पुरवणी साधन होतं, आता संगणकावर स्वतंत्र चालतं. इतिहासवाल्यांनी बनवलेलं असल्यामुळे त्यात हस्तलिखित, पत्र, वृत्तपत्रातला मजकूर, मुलाखत असे वेगवेगळे नोंदप्रकार आहेत. नोंद एकदा केली की वर्डमध्ये लिहिताना बटण दाबून ती हवी तिथे घालायची. टीप कशी दिसावी हे निवडलेली शैली ठरवते. परिच्छेद कितीही हलवा, ताजं करा (रिफ्रेश) म्हटलं की ‘तत्रैव’ कुठे हवं आणि कुठे पूर्ण संदर्भ हवा हे ते नव्याने ठरवतं. मला तेवढ्यासाठीच ते हवं होतं.

मराठीत काम करणाऱ्याने मात्र पहिला आठवडा शिकण्यासाठी राखून ठेवावा. इंग्रजी पुस्तकं आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळखक्रमांक, टाकला की आपोआप येतात. जादूच्या कांडीचं चिन्ह आहे, त्यात आकडा टाकायचा, नोंद तयार. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या मराठी पुस्तकाला आयएसबीएन कुठला? पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून मी सहाशेच्या वर नोंदी हाताने केल्या. मे महिन्याची एक आख्खी सुट्टी आणि पुढच्या चवथीची अर्धी त्यात गेली. सकाळच्या कदंबा बसने पणजी, संध्याकाळच्या कदंबाने परत. (हे ग्रंथालय १८३२ साली पोर्तुगीज अमलात सुरू झालेलं. तिथे जुन्या वृत्तपत्रांचे बाड उघडले की कागदाचा भुगा बोटांना लागतो, आणि मला तो आवडतो.)

तारखेचा रकाना नीट समजून घ्या. त्यात इंग्रजी आकड्यांत तारीख लिहिली की शेजारी फिक्या अक्षरांत वाय, एम, डी अशी खूण उमटते. म्हणजे वर्ष, महिना, दिवस कळला. देवनागरी आकडे टाकले की ती खूण उमटत नाही, वर्ष ओळखलं जात नाही, आणि तारखेप्रमाणे नोंदी लावताना सगळा क्रम बिघडतो. माझ्यासारखीला, जिचं सगळं काम तारखांवर चालतं, हे पहिल्याच दिवशी कळणं गरजेचं होतं. नोंदीत इंग्रजी आकडे ठेवा. देवनागरी हवेच असतील तर ते अगदी शेवटी, छपाईच्या प्रतीत करा.

दुसरा रकाना भाषेचा. बहुतेक जण तो रिकामा सोडतात. मी पोर्तुगीज संदर्भही वापरते, आणि भाषा लिहिली नाही तर इंग्रजी शैली पोर्तुगीज शीर्षकातल्या शब्दांची पहिली अक्षरं मोठी करत सुटते, इंग्रजी शीर्षकात करतात तशी. पोर्तुगीज जाणणाऱ्या परीक्षकाला ते पहिल्या नजरेत खटकतं. त्या रकान्यात पोर्तुगीजची दोन अक्षरी खूण घातली, पी आणि टी, की शीर्षक जसं छापलंय तसं राहतं.

नावांचं प्रकरण आपल्याकडे जरा जास्तच गुंतागुंतीचं. गोव्यात द सोझा, द कुन्हा अशी आडनावं पावलोपावली. आडनावाच्या रकान्यात तो सुटा, लहान अक्षरातला ‘द’ लिहिला की झोटेरो त्याला आडनावाआधीचा जोडशब्द समजतं, आणि मग यादीत ते नाव ‘डी’खाली यावं की ‘एस’खाली हे शैलीच्या हातात जातं. इतिहासकार तेओतोनिओ द सोझा यांचं नाव माझ्या यादीत दोन शैलींत दोन ठिकाणी आलं. उपाय सोपा आहे: पूर्ण आडनाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहायचं, मग ते त्याचे तुकडे करत नाही. मराठी नावं मी एकाच रकान्यात लिहिते, ‘सातोस्कर, बा. द.’ अशी, छापून हवीत तशी. संस्थांची नावंही तशीच.

आता ज्या भागाने मला खरा आनंद दिला तो सांगते. शैली इंग्रजी, त्यामुळे मराठी टिपेत मध्येच इंग्रजीत वापरतात ते ‘इबिद’ (तत्रैव) आणि ‘एट अल्’ (व इतर) येत होतं. वाक्य मराठी, पुस्तक मराठी आणि जोडणारा शब्द लॅटिन. मला ते सहन होईना. माझा भाचा फर्मागुढीला इंजिनियरिंगला आहे. त्याला दाखवलं. त्याने शैलीची फाइल साध्या नोटपॅडसारख्या खिडकीत उघडली आणि म्हणाला, “मावशी, हा नुसता मजकूर आहे गो. तुला कुठला शब्द हवा तो सांग.” झोटेरोच्या शैली सीएसएल नावाच्या खुल्या पद्धतीने लिहिलेल्या असतात, त्यातली संज्ञा बदलून आपली घालता येते. मी एकेक शब्द सांगत गेले आणि तो टाइप करत गेला: तत्रैव. व इतर. संपा. अनु. पृ. मग त्याने शैलीचं नाव आणि ओळखखूण बदलली, कारण तसं केलं नाही तर मूळ शैलीची नवी आवृत्ती आली की आपले बदल पुसले जातात. शेवटी वर्डमध्ये ताजं केलं, आणि तिसऱ्या प्रकरणाच्या खाली एकामागून एक ‘तत्रैव’ उमटत गेलं, प्रत्येक आपापल्या जागी. चहा निवून गेला होता. आम्ही दोघं पान खाली सरकवत बघत बसलो.

शैलींच्या बाबतीत माझी एक तक्रार आहे, ती झोटेरोबद्दल नाही, एमएलए, एपीए, शिकागो या इंग्रजीतल्या प्रचलित संदर्भशैलींबद्दल आहे. एमएलएने २०१६ पासून नव्या पुस्तकांसाठी प्रकाशनाचं गाव काढून टाकलं, एपीएने २०१९ च्या सातव्या आवृत्तीत काढलं, आणि शिकागोनेही २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत १९०० नंतरच्या पुस्तकांसाठी ते गरजेचं नाही म्हटलं. न्यूयॉर्क-लंडनच्या पुस्तकांना चालत असेल. गोव्याच्या इतिहासात गाव म्हणजे निम्मी माहिती. सालाझारच्या काळात इथे छपाईवर सेन्सॉर होता. एखादं पुस्तक नोव्हा गोवात छापलं, लिस्बनला छापलं की मुंबईला, यावरून लेखकाला काय बोलता येत होतं याचा अंदाज बांधता येतो. नोव्हा गोवा म्हणजे आपली पणजी, पण मुखपृष्ठावर जे नाव आहे तेच लिहावं, ते नावही काळ सांगतं. मी प्रत्येक नोंदीत गावाचा रकाना भरला आहे. शैली ते लपवो, नोंदीत ते राहतं, आणि आमच्या विभागाला गाव हवंच असल्यामुळे भाच्याने घडवलेल्या शैलीत ते दिसतंही. एका नियतकालिकाने लेख वेगळ्या शैलीत मागितला तेव्हा दस्तऐवजाच्या सेटिंगमध्ये जाऊन शैली बदलली, अठ्ठावीस टिपा मिनिटभरात फिरल्या. पूर्वी त्याला दोन दिवस लागले असते.

पैशाचं. सॉफ्टवेअर मोफत, फाइल ठेवायला त्यांच्या सर्व्हरवर ३०० एमबी जागा मोफत. त्यापुढे २ जीबीला वर्षाला २० डॉलर. नोंदींचा मजकूर या हिशेबात धरत नाहीत, तो कितीही सिंक होतो. जागा जाते ती जोडलेल्या फाइलींना. मी परवानगी घेऊन काढलेल्या वृत्तपत्रांच्या फोटोंच्या पीडीएफ केल्या आणि पहिल्या महिन्यातच जागा भरली. फाइलींचं सिंक बंद केलं, त्या संगणकावर आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवल्या. शिक्षिकेच्या पगारात हा मार्ग बरा.

याद्या मात्र हाताने कराव्या लागतात. आमच्याकडे मराठी, इंग्रजी, पोर्तुगीज अशा तीन वेगळ्या सूची लागतात. झोटेरो दस्तऐवजात एकच सूची घालतं, आणि तीत रोमन नोंदी आधी, देवनागरी त्यांच्या खाली. मी प्रत्येक भाषेचा वेगळा संग्रह केला आणि त्यावरून सूची तयार करून चिकटवली. चालतं. पण ती सूची जिवंत नसते, नंतर नवी नोंद आली तर पुन्हा काढावी लागते. म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यात करा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मांडणीसाठी एका डीटीपीवाल्याकडे फाइल दिली होती. त्यांनी ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून, मजकूर उचलून, जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये घेऊन परत दिली. पानं देखणी होती. टिपा मात्र नुसती अक्षरं झाल्या होत्या, झोटेरोशी त्यांचा संबंध तुटला होता, आणि जोडाक्षरं फुटली होती. माझ्याकडे मूळ प्रत होती म्हणून निभावलं. मूळ फाइल कुणालाही देऊ नका. तिची प्रत काढा, त्या प्रतीत ‘अनलिंक’ करून टिपा पक्क्या करा, पीडीएफ काढा, आणि बाइंडिंगला तेवढीच द्या. मार्जिन, ओळींमधलं अंतर, शीर्षकांचे आकार हे सगळं वर्डच्या स्टाइलमध्ये स्वतः बसवा. झोटेरो त्यातलं काही करत नाही.

गेल्या महिन्यात सरांकडे तिसरं प्रकरण पुन्हा घेऊन गेले. लॅपटॉप उघडा होता. त्यांनी मधलंच एक पान काढलं आणि एका ‘तत्रैव’वर बोट ठेवलं, “हे कुठलं?” मी नोंद शोधून तिच्यावर दोनदा क्लिक केलं. जानेवारी १९६७ चं पान उघडलं, उजवा कोपरा फाटलेला, वर ‘राष्ट्रमत’. सरांनी चष्मा वर सारून तो रकाना शेवटपर्यंत वाचला, तारीख बघितली आणि पान उलटलं.