रेनमीटर संथ झाले म्हणून फोन केला आणि पैसे गेले

पुण्यात शिकवणीचे वर्ग घेणाऱ्या माझ्या आत्याच्या संगणकावर तिच्या मुलाने ‘रेनमीटर’ बसवून दिले होते. डेस्कटॉपवर घड्याळ, हवामान, प्रोसेसरवरचा ताण असे सगळे देखणेपणाने दाखवणारे हे सॉफ्टवेअर मोफत असून त्याच्या ‘स्किन्स’ (डेस्कटॉपवर दिसणारे तयार देखावे) हौशी लोक तयार करून एकमेकांना देतात. पुढे माउस अडकू लागला, प्रश्नपत्रिकेची फाइल उघडायलाही वेळ लागू लागला, तेव्हा आत्याने सॉफ्टवेअरच्या नावापुढे ‘हेल्पलाइन’ असे लिहून शोध घेतला आणि जाहिरातीत सर्वांत वर आलेल्या नंबरवर फोन लावला. रेनमीटर हे स्वयंसेवकांनी चालवलेले काम आहे आणि त्याचे कॉल सेंटर कुठेही नाही, त्यामुळे त्या नावाने फोन उचलणारा माणूस पहिल्या वाक्यापासूनच खोटे बोलत असतो.

त्या माणसाने अत्यंत अदबीने दुरून संगणक चालवू देणारे ‘एनीडेस्क’ उतरवून घ्यायला सांगितले, त्यावरचा क्रमांक विचारला आणि संगणकाचा ताबा घेतला. मग त्याने संगणकातल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा विंडोजचा ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून लाल-पिवळ्या चिन्हांची लांबलचक यादी दाखवली व ही सगळी व्हायरसची लक्षणे असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात धडधाकट संगणकावरही ही यादी अशीच भरलेली असते. तिच्यात हमखास आढळणारी ‘डिस्ट्रिब्यूटेडकॉम १००१६’ ही नोंद तर दुर्लक्ष करण्याजोगी असल्याचे खुद्द मायक्रोसॉफ्टनेच स्पष्ट केले आहे. त्यानंतर त्याने आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) ‘असोक’ (assoc) ही आज्ञा दिली आणि शेवटी उमटलेला ‘८८८डीसीए६०’ने सुरू होणारा लांब आकडा हा तुमच्या संगणकाचा परवाना क्रमांक असून त्याची मुदत संपली आहे, असे ठासून सांगितले. हा आकडा जगातल्या सर्व विंडोज संगणकांवर तोच असतो आणि परवान्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही, पण तो माणूस तो आकडा आधीच कागदावर लिहून ठेवून फोनवर वाचून दाखवतो, त्यामुळे समोरच्याचा विश्वास बसतो. ही लबाडी मला सर्वांत संतापजनक वाटते, कारण ज्याला संगणकातले कळत नाही त्याला पुरावा म्हणून ती अगदी खरी भासते.

‘वार्षिक सुरक्षा योजने’च्या नावाखाली आत्याने यूपीआयवरून ४,९९९ रुपये भरले. नंतर पुन्हा फोन आला, चुकून जास्त रक्कम घेतली गेली आहे, ती परत करायची आहे, तेव्हा पिन टाका. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो पाठवताना लागतो. आत्याला हे ठाऊक असल्यामुळे तिने तिथेच फोन ठेवला आणि मला बोलावले.

मूळ दुखणे किरकोळ होते. कोणते सॉफ्टवेअर किती ताण देते हे दाखवणारा टास्क मॅनेजर उघडताच प्रोसेसरचा मोठा वाटा रेनमीटर खात असल्याचे दिसले, आणि गाण्याच्या तालावर नाचणाऱ्या पट्ट्या दाखवणारी एक स्किन बंद करताच माउस मोकळा झाला. त्या स्किनच्या फाइलमध्ये ‘अपडेट’ची किंमत १६ होती, म्हणजे दर १६ मिलिसेकंदांनी, सेकंदाला सुमारे साठ वेळा, सगळे चित्र नव्याने काढले जात होते, साध्या घड्याळाला १००० पुरते. जुन्या संगणकाला हा भार झेपत नाही. स्किनवर उजवी टिचकी मारून ती ‘अनलोड’ करणे एवढाच उपाय होता.

ज्यांच्या संगणकात असा परका माणूस शिरून गेला आहे, त्यांनी आधी इंटरनेट तोडावे, एनीडेस्क काढून टाकावे आणि बँकेचे व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत. त्यानंतर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची शक्यता राहते. व्यवहार क्रमांक, आलेला नंबर आणि जाहिरातीचे छायाचित्र जवळ असल्यास तक्रार लिहून घेणाऱ्यांचे काम सोपे होते.