नेरुळचं मरीन दुकान: औषधाआधी मासा बघतात

खाऱ्या पाण्याचा टँक असेल आणि क्लाउनफिशचे पर फाटलेले दिसले, तर बाटल्या विकत घेत बसू नका, आधी नेरुळच्या या दुकानातल्या दादांना बोलवा. दुकान स्टेशनच्या पूर्वेला, आतल्या गल्लीत आहे. पुढे गप्पी नि गोल्डफिशच दिसतात, मरीनचं सगळं मागच्या खोलीत.

आमची ओसेलारिसची (क्लाउनफिशची एक जात) जोडी. नराची शेपूट कातरल्यासारखी दिसायला लागली. दुसऱ्या एका दुकानात फोटो पाठवला, तर मिनिटभरात उत्तर: ‘फिन रॉट आहे मॅडम, कॉपर टाका.’ म्हणजे पर सडतोय, तांब्याचं औषध टाका. टँकमध्ये ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव) आणि कोळंबी आहे की नाही, विचारलंसुद्धा नाही. कॉपर पडलं असतं तर दोन्ही गेली असती.

नेरुळवाले दादा घरी येऊन बघण्याचे पाचशे घेतात. कोपरखैरण्याला आले ते टॉर्च आणि पारदर्शक ब्रीडर बॉक्स घेऊन. जाळी नाही, परातल्या काड्या जाळीत अडकून मोडतात म्हणे. मासा पाण्यातल्या पाण्यात बॉक्समध्ये घेतला, काचेला लावला आणि मागून टॉर्च धरला. ‘ताई, इथे बघा.’ शेपटीचा पडदा दोन काड्यांच्या मधोमध इंग्रजी व्हीच्या आकारात फाटलेला, पण कड स्वच्छ, काड्या मुळापर्यंत शाबूत. पांढरी किनार नाही, लाली नाही. सडलेला पर असा दिसत नाही. त्याची कड दुधाळ होते, दोरे लोंबतात आणि झीज मुळाकडे सरकत जाते. ही चावल्याची खूण होती.

चावणारी कोण, ते खाणं टाकल्यावर कळलंच. मादी थेट त्याच्या अंगावर. क्लाउनमध्ये सगळे आधी नर असतात, मोठा होईल तो मादी होतो आणि घरात तिचंच राज्य. (आमच्याकडे वेगळं काही नाही.) नर तिच्यापुढे आडवा होऊन थरथरतो, तो आजार नव्हे, शरणागती. मी तेवढ्यासाठीच रात्रभर नेटवर वाचत बसले होते.

औषध शून्य. मादीला काही दिवस बॉक्समध्ये ठेवा, खाणं दोन कोपऱ्यांत द्या, अमोनिया शून्य आणि सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारेपणा, 1.025 वर राखा, मूळ शाबूत आहे तोवर पर परत येतो. आलाही. नवा भाग आधी काचेसारखा होता, रंग मागाहून भरला.

जाता जाता त्यांनी इतर दुखणीही सांगितली. पराच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे गोळे दिसले तर लिम्फोसिस्टिस. तो विषाणू आहे, औषध नाही, बहुतेकदा आपोआप जातो. अंगावरून पांढरट चिकट थर सुटायला लागला आणि श्वास जोरात चालला, तर मात्र थांबायचं नाही. ते ब्रुकलिनेला, एक सूक्ष्म परजीवी, क्लाउनचा खास शत्रू. त्यावर वेगळ्या टँकमध्ये फॉर्मॅलिन, तेही जाणकाराच्या हातून. समुद्रातून पकडून आणलेल्या माशांत हे जास्त, म्हणून हॅचरीतलाच, म्हणजे पैदास केंद्रात वाढवलेलाच, मासा मागा असा त्यांचा हट्ट. क्लाउनची हॅचरी तर आपल्या ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही आहे.

आता कुरकुर. दादा बोलायला लागले की तास जातो. पाणी तपासायचे वेगळे पैसे, आणि तयार खाऱ्या पाण्याचा कॅन महाग आहे. रविवारी संध्याकाळी जाऊच नका, लहान मुलांची गर्दी असते आणि मागच्या खोलीत उभं राहायला जागा नसते. पाचपैकी चार.

आजारी मासा वेगळा ठेवायचा हॉस्पिटल टँक भाड्याने मिळतो, हीटर, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांसकट. आधी फोन करा, दोनच आहेत, आणि पावसाळ्यात लाइट गेली की सगळ्यांना एकदमच हवे असतात.