जिताड्याच्या फोटोवर गेलेले ८,००० रुपये

रेवदंड्याच्या खाडीत होडीतून जिताडा हा मासा धरायचा, ही बाबांची फार जुनी इच्छा. लहानपणी त्यांनी कोळंबी लावून गरी टाकली होती. रॉड, रील, लाकडी-प्लास्टिकचे लूर म्हणजे खोटी आमिषं, हे सगळं त्यांनी माझ्या मोबाइलवरच पाहिलेलं. त्यामुळे खाडीतल्या लूर फिशिंगची जाहिरात दिसली तेव्हा मी फार चौकशी केली नाही. दुसऱ्या कुणाचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून झालं ते सगळं लिहितोय.

फोनवरचा माणूस गोड बोलायचा. नवी इंजिनवाली बोट, मासा दाखवणारं यंत्र, लाइफ जॅकेट, रॉड आणि लूर सगळं त्याचंच. दोघांचे ८,०००, आणि तेही आधीच. "शनिवारी एकच जागा उरलीय, अर्ध्या तासात कळवा." आठ-दहा किलोचे जिताडे हातात धरलेले फोटो त्याने पाठवले. मी पैसे टाकले. खातं जाहिरातीतल्या नावाचं नव्हतं, कुठल्यातरी तिसऱ्याच माणसाचं होतं. ते दिसूनही मी बटण दाबलं.

पहाटे धक्क्यावर गेलो तर तो माणूस नाही. एक वयस्कर नाखवा आपली जुनी होडी घेऊन उभे होते. यंत्र नाही, जॅकेट नाही. रॉड दोन, त्यातल्या एका रीलचा दांडा फिरेना. लूर तीन. एकाचा गळ मी नुसता नखाने दाबला तर तो वाकला आणि गंजाची पूड बोटाला लागली. जिताडा लागला की आधी उसळी मारतो, डोकं झटकतो, मग कांदळवनाच्या मुळांत घुसतो. असल्या गळावर तो क्षणभरही टिकला नसता.

बाबांनी नाखव्यांना तिथी विचारली. अष्टमी. त्यांनी बोटांवर हिशेब केला, आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती, बाराला सुकती म्हणजे पूर्ण ओहोटी, आणि अष्टमी म्हणजे भांग, भरती-ओहोटीचा जोर कमी असलेला दिवस. नाखवा म्हणाले, "काका, भांगाला पाणी पळत नाय. तुम्हाला आजचा दिवस कोनी दिला?"

इथे सगळा खेळ आहे. ओहोटी लागली की कांदळवनातल्या ओहळांतून पाणी खाडीत उतरतं, त्यासोबत कोळंबी आणि बारीक मासळी येते, आणि जिताडा ओहळाच्या तोंडाशी टपून बसतो. लूर तिथे टाकायचा असतो. भांगाला मासा लागतच नाही असं नाही, पण ओढ मंद असते. जाणकार लोक हे दिवस टाळतात, आणि हे ठाऊक नसलेल्यांना तेच दिवस "शेवटची जागा" म्हणून विकले जातात. आम्ही साळावच्या पुलापासून कोर्लईच्या बाजूपर्यंत दुपारपर्यंत लूर टाकत राहिलो. एकही धडक नाही. बाबांचा हात दुखायला लागला तरी ते "अजून एकदा" म्हणत होते. ते मला अजून बोचतं.

नाखव्यांचा यात काही दोष नाही. त्यांना दिवसाचे १,५०० ठरले होते, आणि तेही "पार्टी गेल्यावर देतो" म्हणून अडकवलेले. त्यांनी आपला डबा आमच्यापुढे सरकवला. निघताना मी त्यांना पैसे दिले, तर नको-नको म्हणत होते.

त्या माणसाने संध्याकाळपर्यंत माझा नंबर ब्लॉक केला होता. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. ती पैसे गेल्या-गेल्या करायची असते. मी ट्रिप होईपर्यंत थांबलो, तेवढ्यात खातं रिकामं झालेलं. बँकेचं उत्तर एकच, पैसे तुम्हीच पाठवलेत.

तुम्ही जाणार असाल तर होडी चालवणाऱ्याशीच आधी बोला. तिथी आणि भरतीची वेळ त्याच्याकडून काढून घ्या, होडीचा नंबर मागा, जॅकेट आहेत का ते व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. सगळे पैसे आधी देऊ नका, उरलेली रक्कम धक्क्यावरच द्या. आणि फोटो मोठा करून बघा. मी घरी आल्यावर बघितला: जिताडा धरलेल्या माणसामागे एक होडी आहे आणि तिच्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या नंबरात "एमएच" नाही, "केएल" आहे. केरळातली होडी.

परवा तोच फोटो नव्या नावाच्या जाहिरातीत पुन्हा दिसला. खाली लिहिलं होतं, रेवदंडा, शनिवार, एकच जागा शिल्लक. पंचांग काढून पाहिलं, त्या शनिवारीही अष्टमीच आहे.