मारिओ कार्ट, फोर्झा की ग्रॅन टुरिस्मो: मित्रांशी ईर्षा करायला कुठला गेम घ्यावा?

रेसिंग गेम घ्यायला दुकानात गेलं की दुकानदार आधी ग्राफिक्स दाखवतो, मग गाड्यांची यादी. एकट्यानं खेळणार असाल तर ठीक आहे. चार मित्र, भाऊ-भाचे गोळा करून खेळणार असाल तर या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवा. सरळ रस्त्यावर सगळे गेम सारखेच, बटण दाबून धरायचं आणि बसायचं. खरा फरक वळणावर कळतो. वळण चुकलेल्या माणसाला गेम काय शिक्षा देतो, त्यावर तुमची टोळी वर्षभर टिकणार की तिसऱ्या रविवारी पांगणार, हे ठरतं.

कोल्हापुरात ईर्षेला कधी तोटा नव्हता. शाहू स्टेडियमवर पेठांचा फुटबॉल बघितलेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. पण मैदानावर दोन्ही बाजूंना खेळता येणारी पोरं असतात. टीव्हीसमोर तसं नसतं. एकजण सायबर कॅफेत रोड रॅश आणि नीड फॉर स्पीड खेळून मुरलेला, दुसऱ्यानं आजवर फक्त टीव्हीचा रिमोट धरलेला, तिसरा शाळेतला भाचा, आणि तोच सगळ्यांना हरवायच्या तयारीत. ही तफावत कुठला गेम कशी सांभाळतो, ते बघायचं.

वळणाचं थोडं गणित

हे कळलं की पुढची तुलना सोपी जाते. गाडी वळवायला लागणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो आणि वळणाची त्रिज्या वाढली की कमी होतो. वेग दुप्पट केला तर टायरला चौपट पकड लागते. साधी गाडी धरा, टायरची पकड गाडीच्या वजनाएवढी. 50 मीटर त्रिज्येच्या वळणातून ती जास्तीत जास्त ताशी 80 किलोमीटरनं निघेल. तेच वळण बाहेरच्या कडेनं सुरू करून, मध्ये आतल्या कडेला चाटून, परत बाहेर सोडलं आणि त्रिज्या 70 मीटर झाली, तर वेग 94 च्या आसपास जातो. गाडी तीच, टायर तेच. आतल्या कडेला चाटायचा जो बिंदू, तो अ‍ॅपेक्स.

दुसरी गोष्ट वजनाची. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि ती चाकं जमीन घट्ट धरतात. म्हणून जाणते लोक ब्रेक एकदम सोडत नाहीत, वळण घेत घेत हळूहळू सोडतात. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. नवखा याच्या बरोबर उलटं करतो: उशिरा ब्रेक, तोही पूर्ण दाबून, आणि त्याच वेळी पूर्ण स्टिअरिंग. टायरकडे पकड ठरावीकच असते. ती सगळी ब्रेकला दिली की वळायला काही उरत नाही, आणि गाडी नाकासमोर सरळ जाऊन खडीत बसते.

(पन्हाळ्याच्या वाटेवर काहीजण हीच ‘लाइन’ घेताना दिसतात. रस्त्याची सगळी रुंदी वापरायची ती बंद ट्रॅकवर. घाटात समोरून एसटी येत असते.)

मारिओ कार्ट 8 डीलक्स

निन्टेन्डो स्विचवरचा, 2017 सालचा गेम. स्विच 2 वर 2025 मध्ये मारिओ कार्ट वर्ल्ड आला, पण जुना स्विच स्वस्तात मिळत असेल तर डीलक्सवर भागतं. एकाच टीव्हीवर चौघं खेळतात आणि नेट लागत नाही. पावसाळ्यात ज्यांच्या भागात नेट रुसतं त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

इथं वर सांगितलेलं गणित जवळजवळ गुंडाळून ठेवलेलं आहे. वळणाआधी उडी मारायची, बटण धरून ठेवायचं आणि गाडी आडवी घसरू द्यायची, म्हणजेच ड्रिफ्ट. चाकाखाली आधी निळ्या ठिणग्या येतात, मग नारिंगी, मग गुलाबी-जांभळ्या. बटण सोडलं की ठिणगीच्या रंगाप्रमाणे धक्का मिळतो. म्हणजे खऱ्या गाडीत वळण ही वेग घालवायची जागा, तर इथं ती कमवायची जागा. ब्रेकची आठवण 200 सीसीच्या, म्हणजे सगळ्यात वेगवान गटाच्या, शर्यतीतच येते. तिथं घसरता घसरता ब्रेक टोचावा लागतो, नाहीतर गाडी कडेवरून खाली.

चुकलेल्याला शिक्षा काय? जवळजवळ काहीच नाही. मागे पडलेल्याला चांगली हत्यारं मिळतात, पहिल्याच्या मागे निळं कवच लागतं, म्हणजे त्याला गाठून फुटणारं हत्यार. मुरलेल्या खेळाडूला याचा राग येतो. शेवटच्या वळणापर्यंत आपण पुढे, आणि तिथं आकाशातून निळं कवच. हा राग खरा आहे. पण बाकीचे तिघं परत बसतात ते याच्याचमुळे, हेही तितकंच खरं.

एक सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी बघा. ‘स्मार्ट स्टिअरिंग’ आपोआप चालू असतं. ते गाडी कडेवरून पडू देत नाही, लहान मुलांना उत्तम. पण ते चालू असताना गुलाबी ठिणगी कधीच येत नाही. मुरलेला माणूस ‘माझीच गाडी का मागे पडते’ म्हणून डोकं धरून बसतो. गाडी निवडायच्या पडद्यावर ते बंद करता येतं, आणि मोठ्यांनी बंद, लहानांनी चालू, ही विभागणी न भांडता मान्य होते.

तक्रार करायचीच तर जॉय-कॉनची, म्हणजे स्विचबरोबर येणाऱ्या छोट्या रिमोटची. एक जोडी दोघांत वाटून घेतली की प्रत्येकाच्या हातात बोटभर लांबीचा तुकडा येतो, आणि ड्रिफ्टचं बटण त्याच्या पातळ कडेवर. पैलवानी पंजाच्या माणसाचं बोट त्या बटणावर पडतं तेव्हा शेजारचंही दाबलं जातं आणि हातातलं केळ भलत्या वेळी फेकलं जातं. चौघांसाठी निदान दोन मोठे रिमोट वेगळे घ्या, आणि बजेटमध्ये ते आधीच धरा. शिवाय आपल्याकडे निन्टेन्डोचा बराचसा माल बाहेरून येतो, तेव्हा दुरुस्ती कोण करणार हे दुकानातच विचारून घ्या.

ग्रॅन टुरिस्मो 7

प्लेस्टेशनवर 4 मार्च 2022 ला आला. वळण शिकायचं असेल तर माझं मत याच्याच बाजूनं आहे. गेममध्ये लायसन्सच्या परीक्षा आहेत: एक वळण, एक गाडी, ठरलेली वेळ, ब्रॉंझ, सिल्व्हर, गोल्ड. कंटाळवाणं वाटतं, पण मित्रांच्या टोळीत हाच भाग सगळ्यात जास्त रंगतो. परीक्षा छोटी असते आणि रिमोट हातोहात फिरतो. ‘गोल्डला एवढंच कमी पडलं’ म्हणून जो उठायला तयार नसतो, त्याला शेवटी ओढून उठवावं लागतं.

पीएस 5 चा रिमोट इथं खरं काम करतो. ब्रेकचं बटण बोटाला उलटा जोर देतं, आणि एबीएस लागलं की थरथरतं. ती थरथर म्हणजे तुम्ही टायरच्या शेवटच्या टोकाला आहात. तिथून बोट जरासं सैल करत वळायचं. टायरचा आवाजही ऐका. बारीक कुईं आली तर बरोबर चाललंय. मोठ्यानं किंचाळला तर तुम्ही जास्त वळवताय, आणि अंगठा आणखी रेटून काही होणार नाही. उलट थोडा मागे घेतला तर गाडी जास्त वळते. नवख्याला हे पटायला वेळ लागतो.

सुरुवात जपानच्या त्सुकुबा ट्रॅकवर करा. लांबी जेमतेम 2 किलोमीटर, साध्या स्पोर्ट्स गाडीला फेरी एक-सव्वा मिनिटाची. म्हणजे वाट बघणारे कंटाळत नाहीत. शेवटचं वळण लांबलचक उजवं आहे. त्यात जोरात शिरलेला माणूस पडद्यावर आधी पुढे दिसतो. अर्ध्यात गाडी बाहेर सरकायला लागते, त्याला अ‍ॅक्सिलरेटर सोडावा लागतो, आणि पुढची सगळी सरळ पट्टी तो त्याची किंमत मोजत राहतो. हळू शिरून लवकर अ‍ॅक्सिलरेटर दिलेला शांत माणूस तिथं त्याला सहज मागे टाकतो. पुढे सरळ रस्ता असेल तर अ‍ॅपेक्स थोडा उशिरा घ्यावा, हे या एका वळणावर न बोलता समजतं.

आता अडचण. हा गेम चुकलेल्याला माफ करत नाही. मुरलेला आणि नवखा एकाच शर्यतीत घातले तर दोन फेऱ्यांत एवढं अंतर पडतं की दोघंही एकटेच गाडी चालवत असतात. मग लोक नवख्याला जास्त ताकदीची गाडी देतात, आणि ते अगदी उलटं होतं, कारण तो वळणावर आणखी वेगानं पोचतो आणि आणखी लांब जातो. त्याऐवजी दोघांना एकच गाडी द्या आणि टायर बदला: नवख्याला जास्त पकडीचे स्पोर्ट्स सॉफ्ट, वस्तादाला कमी पकडीचे कम्फर्ट हार्ड. सरळ रस्त्यावर दोघं बरोबरीत राहतात, आणि वस्तादाला प्रत्येक वळणावर आपलं कसब खर्ची घालावं लागतं. अशा दोन गाड्या गॅरेजमध्ये तयार ठेवायच्या आणि एकाच रिमोटवर आळीपाळीनं वेळ लावायची. दोघांच्या वेळेत बारीक फरक उरेपर्यंत टायर वरखाली करायचे.

एकाच टीव्हीवर खेळायचं तर सुरुवातीला इथं दोघांचीच सोय होती. नोव्हेंबर 2023 च्या अपडेटनंतर पीएस 5 वर चौघं खेळू शकतात. पण पडद्याचे चार तुकडे झाले की पुढचा ब्रेकिंगचा बिंदू दिसायला टीव्ही मोठाच लागतो. आणि नेट नसेल तर या गेमचा बराचसा भाग उघडतच नाही. आपापल्या घरून ऑनलाइन स्पोर्ट मोडमध्ये उतरलात तर वेगाबरोबर वागणुकीचेही गुण असतात. वळणात दुसऱ्याला भिंत समजून टेकू घेणाऱ्याचे ते घसरतात. काही मित्रांना हा आकडा दाखवण्यासाठी तरी एकदा खेळावं.

फोर्झा होरायझन 5

एका वाक्यात सांगायचं तर एकाच खोलीत बसून खेळणार असाल तर हा घेऊ नका. यात स्प्लिट स्क्रीनच नाही, म्हणजे एका पडद्याचे तुकडे करून एकत्र खेळायची सोयच नाही. दुकानात हे कोणी सांगत नाही, आणि घरी आल्यावर चौघं एकमेकांकडे बघत बसतात.

पण टोळीतला एक हिंजवडीत, एक बंगळुरूत आणि दोघं इथं असतील तर याच्यासारखा गेम नाही. 2021 मध्ये एक्सबॉक्स आणि पीसीवर आला, एप्रिल 2025 पासून पीएस 5 वरही आहे, आणि वेगवेगळ्या यंत्रांवरचे लोक एकमेकांत खेळू शकतात. यातला ‘रायव्हल्स’ हा भाग अशाच मित्रांसाठी आहे. तुम्ही रात्री वेळ लावून झोपायचं, शिफ्ट संपवून आलेला मित्र पहाटे तुमच्या गाडीच्या भुताशी, म्हणजे तुमच्या नोंदवलेल्या फेरीशी, शर्यत लावतो. टक्कर होत नाही, वेळ जुळवावी लागत नाही, आणि सकाळी ग्रुपवर स्क्रीनशॉट पडलेला असतो.

वळणाच्या बाबतीत तो दोघांच्या मध्ये आहे. गाडीला वजन आहे, ब्रेक लवकर मारावा लागतो, पण मेक्सिकोचे रस्ते रुंद आहेत आणि चुकलात तर रिवाइंड करून वळण परत घेता येतं. शिकायला हे फार सोयीचं: तेच वळण एकदा लवकर अ‍ॅपेक्स घेऊन, एकदा उशिरा घेऊन बघा, फरक लगेच दिसतो. ऑनलाइन शर्यतीत मात्र रिवाइंड नसतं, आणि रायव्हल्समध्ये वापरलं तर ती फेरी डागी धरली जाते. सवय लागलेल्या माणसाची तिथं फजिती होते. रस्त्यावरची मदतीची रेषा पूर्ण चालू न ठेवता फक्त ब्रेकिंगपुरती ठेवा. पूर्ण रेषा चालू असली की माणूस रस्ता बघतच नाही, रंग बघतो.

अनोळखी लोकांबरोबरच्या शर्यतीत भिंतीला घासून वळणं मारणारे भेटतील. ओळखीच्यांपुरतंच ठेवलं की हा त्रास निम्म्यावर येतो. निम्म्यावर म्हटलं, कारण ओळखीच्यांतही एखादा असतोच.

आधीपासून बरा पीसी असेल तर

मग इटलीच्या कुनोसचा 2014 सालचा असेटो कोर्सा बघा. जुना, सेलमध्ये स्वस्त मिळणारा, आणि लोकांनी बनवलेले ट्रॅक आणि गाड्या यांचा ढीग. वळणाचं वागणं अजूनही अस्सल. पण हा एकट्यानं घासायचा गेम आहे, मंडळी जमल्यावर काढायचा नाही. मोबाइलवर आस्फाल्टसारखे गेम वेळ घालवायला बरे. त्यातल्या आपोआप वळणाऱ्या सेटिंगवर वळण शिकायला काही मिळत नाही.

व्हीलचं काय?

लॉजिटेकचं जी 29 हे स्टिअरिंग व्हील ग्रॅन टुरिस्मो आणि असेटो कोर्सा, दोन्हीवर चालतं. पण ते टेबलाला आवळावं लागतं. सतरंजीवर बसून खेळणाऱ्या टोळीला ते कामाचं नाही. शिवाय आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर पेडल ब्रेकच्या जोरानं पुढे सरकतात. ती भिंतीला टेकवून ठेवावी लागतात आणि मग टीव्हीची जागा बदलते. चौघांत एकच व्हील असेल तर रिमोटवाला आणि व्हीलवाला यांची बरोबरीही होत नाही. व्हील नवीन असेपर्यंत बहुतेक वेळा व्हीलवालाच हरतो.

त्याच पैशांतला थोडा हिस्सा काढून एक दिवस खरं कार्टिंग करा असं मी सुचवीन. राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेला मोहितेंचा ट्रॅक कोल्हापुरातच आहे. जायच्या आधी एवढं माहीत असू द्या: कार्टच्या मागच्या दोन चाकांत एकच अखंड दांडा असतो आणि ब्रेक बहुधा त्यालाच असतो. त्यामुळे वळणात ब्रेक धरून ठेवला तर मागचा भाग फिरतो. ब्रेक सरळ असतानाच मारून संपवायचा, मगच स्टिअरिंग वळवायचं. ग्रॅन टुरिस्मोत कमावलेलं ट्रेल ब्रेकिंग पहिल्या काही फेऱ्या खिशातच ठेवा.